बायांचं गाऱ्हाणं

दर्शना पाताडे नेमकं करते काय, हे लालबागच्या त्या चाळीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. चित्रकार म्हणावं तर हातात ब्रश दिसत नाही. मूर्ती घडवते म्हणावं तर तेही नाही, आणि लालबागमध्ये मूर्ती घडवणाऱ्यांची काय वानवा आहे! आर्ट स्कूल झालं, डिग्री झाली, एकदा परदेशात जाऊन आली, पेपरात फोटो आला. पण "पोरगी काय करते हो?" असं कुणी विचारलं की तिची आई सुभद्रा "आर्टिस्ट आसा" एवढंच सांगायची आणि पटकन विषय मासळीबाजारातल्या बांगड्यांकडे वळवायची. खरं उत्तर काय ते शेजारच्या गुणवंतीकाकीने दिलं होतं. "अगो, ती लोकांना कामाला लावते आणि मग त्याला आपलं नाव देते. सरकारसारखं."

आता यात अगदीच खोटं काही नव्हतं. दर्शनाची रीतच ती. एकटीने खोलीत बसून काही करायचं नाही. माणसं गोळा करायची, त्यांना एखादी गोष्ट मिळून करायला सांगायची, आणि जे काय घडेल तेच काम म्हणायचं. एकदा तिने अख्ख्या चाळीची दारातली पायपुसणी मागून नेली आणि फोर्टच्या एका गॅलरीत भिंतीवर टांगली. गुणवंतीकाकी नटूनथटून बघायला गेली. स्वतःचं पायपुसणं दिव्याच्या झोतात बघून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हटलं, "मेल्यांनी धुतलं पण नाय!" लोकांना वाटलं हाही कामाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दर्शना तेव्हा हसून हसून खाली बसली होती. तिचा मोठा भाऊ वैभव तिथेच होता. परत येताना सगळी पायपुसणी त्यानेच डोक्यावरून आणली आणि दारोदार टाकताना असा घोळ घातला की अर्धी चाळ अजून दुसऱ्याच्या पायपुसण्याला पाय पुसते.

मागच्या वर्षी शिमगा उलटला आणि वैभव गेला. लोअर परळच्या ऑफिसात भरदुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. बत्तीस वर्षांचा पोरगा, ना दारू ना विडी, लग्नाचं बघत होते. डॉक्टरांनी हार्ट म्हटलं, चाळीने नजर म्हटली, आणि दर्शनाने काहीच म्हटलं नाही. बाप ती शाळेत असतानाच गेलेला. त्यामुळे हॉस्पिटलात सही तिने केली, गावाला फोन तिने केले, स्मशानात काय आणायचं ते तिनेच विचारून घेतलं. सगळं व्यवस्थित. इतकं व्यवस्थित की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

कारण पोरगी रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायका खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "रड गो बाय, मोकळी हो," आणि ती "हो" म्हणायची, कुणी चहा विचारल्यावर म्हणावं तसं. सुरुवातीला तिला वाटत होतं, येईल संध्याकाळपर्यंत. मग वाटलं, गर्दी कमी झाली की येईल. गर्दी कमी झाली, पाहुणे गावाला गेले, आणि काहीच आलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि ओठ आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं अख्ख्या अंगाचं झालं होतं. भूक लागायची, अंथरूण घालायची, बस पकडायची, कामाचे मेल लिहायची. आत मात्र कुणी हाक मारली तरी ओ द्यायला कुणी नव्हतं.

सुभद्राचं उलटं. ती दहा दिवस अशी रडली की आवाज बसला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उठून तिने तोंड धुतलं, कुकर लावला, आणि त्या घटकेपासून पोराचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. मग दर्शनानेही घेतलं नाही. दहा बाय बाराची खोली, त्यात दोघी जणी, आणि नाव घ्यायचं नाही म्हणजे काय कसरत असते ते ज्याने केलीय त्यालाच कळेल. "वरच्या फळीवरचा डबा कोण काढायचं?" असं विचारायची सोय नाही. "गेल्या वर्षी या दिवसांत" असं बोलायची सोय नाही. राहिलं काय, तर गॅस संपला, पाणी आलं, भात झाला. वर्षभर त्या दोघी एवढ्याच शब्दांवर जगल्या.

आणि ही सुभद्रा कोण? तर एके काळी गाऱ्हाण्याला अख्ख्या चाळीत जिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा ती बाई. गणपतीत, सत्यनारायणाला, मंडळाच्या कुठल्याही कामाला आधी जगनकाका नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं घालायचे. बेस्टमधून रिटायर झालेला कंडक्टर, आवाज डबल डेकरच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचणारा. "बा देवा म्हाराजा!" अशी सुरुवात करून ते सगळ्यांच्या वतीने मागायचे, पोराबाळांना बरं ठेव, आलेलं संकट टाळ, कुणाचं काही चुकलं तर पदरात घे. प्रत्येक मागण्याच्या शेवटी सगळी चाळ एका दमात ओरडायची, "व्हय म्हाराजा!" त्यात सुभद्राची "व्हय" अशी लांब असायची की वैभव लहानपणी कानात बोटं घालायचा. पुढे घरात दुखवटा आला, वर्षभर सण नाही. वर्षश्राद्ध झालं, दुखवटा सुटला, रामनवमीला मंडळात पूजा झाली तेव्हाही ती गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि खाली रस्त्यावरची वाहनं बघत राहिली. तोंड उघडलं नाही.

दर्शनाने ते पाहिलं, आणि त्या दिवशी तिला काम सुचलं. बायांनी गाऱ्हाणं घालायचं. एरवी गाऱ्हाणं पुरुष घालतात, बायका फक्त "व्हय" म्हणतात. इथे एकेका बाईने उभं राहायचं, जे मागायचं ते मागायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी, ओळखीच्यांनी, अनोळख्यांनी, "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एवढंच काम. नियम एकच: कुणी अडवायचं नाही, हसलं तरी चालेल पण दुरुस्त करायचं नाही.

हे झालं जगाला सांगायचं. खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिला आईला त्या घोळक्यात उभं करायचं होतं. आईच्या तोंडून वैभवचं नाव बाहेर पडावं, चार माणसांत का होईना, म्हणजे घरात ते घेता येईल. दोघींच्या त्या खोलीत आपण होऊन नाव काढायची दर्शनाची छाती नव्हती. म्हणून तिने एवढी माणसं मध्ये घातली. लोकांना कामाला लावते म्हणतात, ते असं.

गिरगावात खोताच्या वाडीत एका जुन्या लाकडी घराचा तळमजला मृणालिनीताईंनी भाड्याने घेतला होता. तिथे त्या नव्या आर्टिस्टांची कामं दाखवायच्या. मूळच्या पुण्याच्या, बोलणं स्वच्छ, साडी खादीची. दर्शनाने फोनवर "गाऱ्हाणं" म्हटलं तशा त्या खूश झाल्या.

"अगं फारच छान! चाळीतल्या स्त्रियांची गाऱ्हाणी! पाणी, बिल्डर, रिडेव्हलपमेंट... आपण कुणाला तरी कॉर्पोरेशनमधूनही बोलावू या का?"

"ती गाऱ्हाणी नाही ताई," दर्शना म्हणाली. "तक्रार नाही. आमच्यात देवाला घालतात ते."

मग तिने समजावून सांगितलं. मृणालिनीताईंनी ते लिहून घेतलं. "म्हणजे आम्ही ज्याला कुरकुर म्हणतो त्याला तुम्ही प्रार्थना म्हणता," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे निमंत्रणपत्रिकेत छापूनही टाकलं. दर्शनाला ते बरोबर वाटलं नाही, चूकही वाटलं नाही. तिला त्या वर्षात कशाचंच काही वाटत नव्हतं.

चाळीत मात्र धुरळा उडाला. जगनकाका भडकले. "बाया गाऱ्हाणा घालतत काय खंय? उद्या नारळ फोडून पौरोहित्य करशात!" दोन दिवस ते मंडळाच्या खोलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहिले आणि आत चाललेली तालीम ऐकून त्यांच्याच्याने राहवेना. "घाला, घाला," ते म्हणाले, "पण 'व्हय' जरा पोटातून ओरडा गो. नायतर देवाक वाटतला, बायल नवऱ्याक होय होय करता."

तालमींना मजा यायला लागली. रोज दुपारी जेवणं आवरली की बायका जमायच्या. गुणवंतीकाकी सगळ्यात पुढे. तिचं गाऱ्हाणं दर वेळी नवं. "बा देवा म्हाराजा! बिल्डर जो काय टॉवर बांधतलो, तो आमच्या जिवंतपणी बांधूक दे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "माझ्या सुनेच्या हातातसून तो मोबाईल घटकाभर खाली ठेवय रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" यात सुनेचा आवाजही असायचा, आणि तोच सगळ्यात मोठा. बायका हसून लोळायच्या. कुणी नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी मागितलं, कुणी गावच्या घराच्या कौलांसाठी. एका बाईने नुसतंच "माका एक दिवस एकटीक सोड रे म्हाराजा" म्हटलं आणि खाली बसली. त्या वेळी कुणी हसलं नाही, "व्हय" मात्र सगळ्यांनी म्हटलं.

दर्शना भिंतीला टेकून हातात रेकॉर्डर धरून बसायची. ती "व्हय" म्हणत नसे.

"तू कधी घालणार गाऱ्हाणं?" गुणवंतीकाकीने एकदा विचारलं.

"मी ऐकते काकी. माझं काम ते."

"वा ग वा! आमचं मागून घेतेस आणि स्वतः कोरडी ती कोरडी!" काकी पटकन बोलून गेली आणि मग जीभ चावली. सगळ्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. दर्शनाने रेकॉर्डरची बॅटरी तपासली. बॅटरी ठीक होती.

आईला तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. सुभद्रा कोलंबी सोलत होती.

"आये, तू येशील का?"

"खंय?"

"गाऱ्हाण्याला. गिरगावात."

सुभद्राने एका कोलंबीचा काळा दोरा ओढून काढला, दुसरी घेतली. "बघूया," ती म्हणाली. या घरात "बघूया" म्हणजे नाही, हे दर्शनाला लहानपणापासून माहीत. सुभद्रा एकाही तालमीला आली नाही. मंडळाची खोली तळमजल्यावर, यांची तिसऱ्यावर. "व्हय म्हाराजा" वर स्वच्छ ऐकू जायचं. दर्शना वर गेली की आई टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेली असायची. दर्शनाला वाईट वाटायला हवं होतं. ती भात वाढून घ्यायची.

कार्यक्रमाच्या दिवशी चाळीतल्या बाया टॅक्स्या करून निघाल्या. गजरे काय, कडक इस्त्रीच्या साड्या काय, लग्नाला निघाल्यासारख्या. जगनकाका "मी आपलो बघूक येतंय" म्हणत सफारी घालून पुढच्या सीटवर. शेवटच्या टॅक्सीचं दार लावता लावता सुभद्रा जिना उतरून आली. रोजचीच सुती साडी, हातात कापडी पिशवी. कुणाला काही न बोलता ती गुणवंतीकाकीच्या शेजारी घुसून बसली. पिशवीत नारळ होता. दर्शनाने तो पाहिला. अरे वा, असं तिच्या मनात आलं, पण दुसऱ्या कुणाची तरी आई आल्यासारखं.

खोताच्या वाडीतलं ते घर जुनं, लाकडी जमीन पावलागणिक वाजायची. एका बाजूला चाळीतली माणसं बसली, दुसऱ्या बाजूला मृणालिनीताईंचे पाहुणे. त्यात आर्ट स्कूलची पोरं, दोन-तीन परदेशी, वाडीतली चार-दोन शेजारीपाजारी मंडळी. सरळ पाठीच्या खुर्च्या, हातात पाण्याच्या बाटल्या. दर्शनाने पाहुण्यांना समजावलं, बाईचं वाक्य "रे म्हाराजा" म्हणून संपलं की सगळ्यांनी एकदम काय म्हणायचं ते. दोनदा म्हणवूनही घेतलं. पाहुणे हुशार, लगेच शिकले.

गुणवंतीकाकीने टॉवरपासून सुरुवात केली आणि घर दणाणून सोडलं. पाहुणे हसले, टाळ्या वाजवल्या, दर "व्हय"ला त्यांचा जोर वाढत गेला. कौलं झाली, गुडघे झाले. एकटीसाठी एक दिवस मागणारी बाई इथेही तेवढंच मागून बसली. मृणालिनीताई भिंतीशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. आता शेवट करायचा म्हणून दर्शना उठणार, तेवढ्यात सुभद्रा उभी राहिली. पिशवीतून नारळ काढला, दोन्ही हातांत धरला, आणि पदर खांद्यावरून घेतला.

चाळीची बाजू एकदम सावरून बसली. दर्शनाने रेकॉर्डर पुढे केला. हात स्थिर होता.

"बा देवा म्हाराजा!" सुभद्रा म्हणाली. वर्षभर न वापरलेला आवाज, पहिल्या शब्दाला जरा खरवडला आणि मग सुटला. "आज ह्या गिरगावात, परक्याच्या घरात, तुझी लेकरां तुझ्यासमोर बसली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण लालबागसून इलो, कोण साता समुद्रापलीकडसून इलो, त्या सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या घरात मी उभी आसंय, त्या घराच्या धन्याचा बरा कर. काय चुकला माकला तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं असं एकदा लागलं की माणूस ते बोलत नाही, ते आपलं आपण येतं. श्वास घ्यायच्या जागा ठरलेल्या, पुढचा शब्द मागच्या शब्दाला धरून येणार. सुभद्राचे डोळे मिटले होते. "आणि माझ्या घरात, माझी दोगांय पोरां, वैभव आणि दर्शना, त्यांका सुखी ठेव. वेळेर जेवक घाल. त्यांच्या वाटेर काय वाकडा येता आसात, ता वेशीभायर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाहुणे ओरडले. अगदी खुशीत, एका सुरात, शिकवलं होतं तसं.

चाळीच्या बाजूने आवाज आला नाही. एकाच्याही तोंडून नाही. जगनकाकांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही बाहेर पडत नव्हतं. गुणवंतीकाकीने पदर तोंडाशी धरला.

गाऱ्हाणं घालणाऱ्याला "व्हय" कुठल्या बाजूने किती आलं ते बरोबर कळतं. सुभद्राने डोळे उघडले. आपल्या माणसांकडे पाहिलं.

"काय झाला?" ती म्हणाली. "कित्याक गप रवलात?"

कोण सांगणार? चाळीतली माणसं एकमेकांच्याही नजरेला नजर देईनात. पाहुण्यांच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय, त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. सुभद्रा त्या सगळ्यांकडे बघत राहिली आणि मग तिला कळलं. कळलं ते दिसलं. नारळ धरलेले हात हळूहळू खाली आले.

हेच हवं होतं ना तुला, दर्शनाच्या मनात आलं. घे. घेतलं तिने नाव. साठ माणसांसमोर आपल्या आईला उघडं पाडलंस, आणि नाव आलं तेही चुकून आलं. तिला स्वतःची शिसारी आली. वर्षभरात पहिल्यांदा तिला कशाची तरी शिसारी आली. आई मध्ये एकटी उभी होती, आणि अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं तसंच टांगलेलं. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि म्हणण्यासारखं जगात एकच होतं.

"व्हय म्हाराजा," दर्शना म्हणाली.

आवाज फाटका आला, सुरात नाही, मोठाही नाही. साऱ्या घरात तेवढाच. सुभद्राने वळून तिच्याकडे पाहिलं. मग जगनकाकांनी पोटातून आवाज काढला, "व्हय म्हाराजा!" आणि त्याच्या मागोमाग सगळी चाळ.

सुभद्राने नारळ पुन्हा वर धरला. आता डोळे उघडे होते.

"चुकलंय मी म्हाराजा," ती म्हणाली. "सवय ती. पण सांगितला ता सांगितला, मागे घेवचंय नाय. एक तुझ्याकडे आसा, एक माझ्याकडे. माझ्याक मी बघतंय. तुझ्याक तू बघ. वैभवाक रात्रीचो भात चलना नाय, चपाती लागता. ता इसरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुणवंतीकाकीच्या गळ्यातून नुसता "म्हाराजा" बाहेर पडला, "व्हय" आतच राहिलं. पाहुण्यांना मालवणी किती कळली देव जाणे, पण या खेपेला ते ओरडले नाहीत, हळू म्हणाले.

"आणि ह्या माझ्या चेडवाक वर्षभर रडाक येवक नाय. रात्री उठून बसता. माका झोप लागली आसा असा समजता." सुभद्रा बघत होती दर्शनाकडे आणि बोलत होती देवाशी. "तेका रडाक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या बाजूचे, त्या बाजूचे, सगळे म्हणाले. मृणालिनीताई म्हणाल्या. परदेशी माणसं म्हणाली. आणि मग साठ माणसं दर्शनाकडे बघत राहिली.

तिला रडू आलं नाही. बिचारी उभी राहिली, हातात रेकॉर्डर, सगळ्यांच्या नजरा तोंडावर. डोळे कोरडे ठणठणीत. तिला सगळ्यांची माफी मागावीशी वाटली.

"येतला," सुभद्रा म्हणाली. "कसली घाय हा?" आणि तिने नारळ जगनकाकांच्या हातात दिला.

काकांनी तो अंगणातल्या पायरीवर एका फटक्यात फोडला. गुणवंतीकाकीने ब्लाउजमधून सुटे पैसे काढावेत तसा कुठूनसा चाकू काढला आणि खोबऱ्याचे तुकडे करून वाटायला लागली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, जमीन वाजायला लागली, कुणीतरी चहाचं विचारलं. कार्यक्रम संपला होता. मृणालिनीताई आल्या आणि दर्शनाच्या दंडाला हात लावून गेल्या. आई शेजारी येऊन बसली. गुणवंतीकाकीने दोघींच्या हातावर एकेक तुकडा ठेवला.

दर्शनाने तुकडा तोंडात टाकला. ओला नारळ, गोड होता. सुभद्राने आपला तुकडा चाखला आणि म्हणाली, "बरो आसा. वैभवान असलो अख्खो संपवल्यान असतो." इतकं साधं म्हणाली. गॅस संपला म्हणावं तसं, पाणी आलं म्हणावं तसं.

दर्शना चावत होती. चावता चावता तिचा जबडा थांबला, परत हलला, आणि छातीतून असा काही आवाज आला की पलीकडची दोन माणसं दचकून वळली. तोंडात खोबरं तसंच. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, श्वास घ्यायला तोंड उघडलं तर चावलेलं खोबरं हनुवटीवर आलं. तिला ते आवरेना. खोकला आला, खोकल्यातही रडूच आलं. रेकॉर्डर कुठे पडला ते तिला कळलं नाही.

सुभद्राने तिची मान आपल्याकडे ओढली, पदराने हनुवटी पुसली आणि पाठीवर एक जोरात थाप मारली.

"गीळ," ती म्हणाली. "आधी घास गीळ गो बाय. मगे रड."